मे याची माळ

थिरायुने मॅट उचलली, तर खाली कार्पेट पुन्हा ओलं. तेही फक्त डाव्या बाजूला, चालकाशेजारच्या सीटपुढे.

काचेखालच्या जाळीत अडकलेला पाला त्याने मागच्याच आठवड्यात उपसला होता. डाव्या दाराचं रबर नवं होतं. एसीची नळी फुंकून पाहिली, तीही मोकळी. मग शेजारच्या प्रासितकाकांना बाहेर पाण्याचा पाइप धरायला लावून तो स्वतः टॉर्च घेऊन दारं लावून आत बसला. काकांनी छत, काचा, दारं, सगळं न्हाऊ घातलं. आत थेंबही आला नाही.

"मे या रुसलीय," काका आरशाला टांगलेल्या मोगऱ्याच्या ताज्या माळेकडे बघत म्हणाले. गाडीतल्या देवीला थायलंडातलं हे सगळं नाखोन फनोम शहर मे याच म्हणतं. "आमच्या बायकोला दोन मे या. एक गाडीतली, दुसरी माझी आई. सून फुलं विसरली की दोघी जागच्या हलत नाहीत."

थिरायु हसला नाही. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत तो दिवसभर पाण्याचे नमुने तपासायचा. पाणी कुठूनतरी आल्याशिवाय कुठेही असत नाही, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

जेवताना त्याने बायकोला, नुतला, विचारलं. गाडी तीच शाळेत न्यायची. तो स्कूटरने जायचा. इतका पाऊस आहे, येत असेल कुठूनतरी, असं म्हणून नुतने चिकट भाताची टोपली त्याच्याकडे सरकवली.

"आणि रोज नवी माळ?"

"मे याची आहे."

"तू कधीपासून हे सगळं मानायला लागलीस?"

"तुला आवडणार नाही, म्हणून बोलले नव्हते," ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

सकाळी ती आवरत असताना थिरायुने चारही दारांच्या उंबऱ्यांवर, रबराच्या आतल्या बाजूने, अंगाला लावायच्या पावडरचा पातळ थर दिला. पाणी जिथून आत शिरेल तिथे पावडरीत ओहोळ उमटला असता. दुपारभर पाऊस कोसळला. नुत घरी आली, अंघोळीला गेली, आणि तो गाडीपाशी गेला.

तीन उंबऱ्यांवर पावडर होती तशी होती. डाव्या पुढच्या उंबऱ्यावरची मात्र पुसली गेली होती. ओहोळ नव्हता, ओलं कापड घासत गेल्यासारखा रुंद पट्टा होता. कार्पेट ओलं होतं, आणि सीट रुळावर अगदी मागे ढकललेली. शेजारी कुणी बसलं तरी नुत ती सीट कधी हलवत नसे. एवढी मागे सीट लांब पायांच्या माणसालाच लागते.

म्हणजे पाणी गळत नव्हतं. पाणी चढून आत बसत होतं.

"आज गाडीत कोण होतं?" त्याने विचारलं.

नुत केस पुसत होती. "सांगितलं ना. मे या."

तिने आपली थट्टा केली असं त्याला वाटलं. पुढे त्याने काही विचारलं नाही. आपल्यापासून काही लपवणाऱ्या माणसाला तो पुन्हा दार उघडत नसे. वडिलांचं आजारपण परीक्षा संपेपर्यंत आईने त्याला कळवलं नव्हतं, आणि तोवर उशीर झाला होता. त्यानंतर तो आईशी बोलला नव्हता. ती कुठे राहते हेही त्याने कुणाला विचारलं नव्हतं. बायकोच्या बाबतीत वेगळा न्याय लावायचं काही कारण त्याला दिसेना. नुतशिवायचं घर कसं असेल, हे मात्र त्याला डोळ्यापुढे आणता येईना.

पुन्हा दुपारी झड लागली, तेव्हा डोकं दुखतंय असं सांगून तो प्रयोगशाळेतून निघाला. शाळेसमोरच्या दुकानाच्या वळचणीला स्कूटर लावून थांबला. नुतची गाडी बाहेर पडली, तसा तो अंतर ठेवून मागे निघाला. घराकडचं वळण तिने सोडलं. गाडी सरळ नदीकाठच्या विहाराच्या फाटकाशी जाऊन थांबली.

फाटकाच्या आडोशातून रेनकोट घातलेलं कुणीतरी आलं. डोक्यावरची टोपी खाली ओढलेली, पाठ त्याच्याकडे. नुतने आतून हात लांबवून दार उघडलं, सीट मागे ढकलली. सराईतपणे. रेनकोट आत शिरला, दार लागलं.

वाक्य त्याने वाटेतच ठरवून ठेवलं होतं. आज घरी येऊ नकोस, एवढंच. ओरडायचं नाही. स्कूटर तशीच टाकून तो पाण्यातून धावला आणि गाडी हलायच्या आत त्याने डावं दार उघडलं.

आधी त्याला एक पाय दिसला, पुढे सरळ लांब केलेला, गुडघ्यात न वाकणारा. मग बायका नेसतात तशा ओल्या लुंगीचा काठ, उंबऱ्यावरून आत ओढलेला. मांडीवर मोगऱ्याच्या न विकलेल्या माळांचं ताट. रेनकोटचं पाणी कार्पेटवर ठिबकत होतं. चेहऱ्यापर्यंत नजर न्यायला त्याला वेळ लागला, आणि ठरवलेलं वाक्य तोंडातच राहिलं.

नुतने त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"मे या, सीट जरा पुढे घेते हं," ती म्हणाली. "मागे तुमच्या मुलाला बसू दे."