पहिला हात

चर्चच्या पाळकसाहेबांनी प्रभुभोजनाच्या भाकरीची थाळी दीनाच्या खाटेशी धरली. "मंडळीनं तुला परत घेतलंय, बेटा. घे."

सात वर्षांपूर्वी नवऱ्याला सोडून ती दुसऱ्याबरोबर राहू लागली, तेव्हा तिचं प्रभुभोजन बंद करायला पंच जमले होते. मी पंच होतो, तिचा बापही. पोरीला पाठीशी घातलं असं कुणी म्हणू नये, म्हणून पहिला हात मीच वर केला. नवरा तिला पट्ट्यानं मारायचा, हे त्या बैठकीत फक्त मला ठाऊक होतं. मी बोललो नाही.

तरी ती दर रविवारी यायची, शेवटच्या बाकावर बसायची. भाकरीची थाळी तिला ओलांडून पुढे जायची. प्रार्थना संपली की ती सगळ्यांबरोबर आमेन म्हणायची.

आता तिच्या नाकात अन्नाची नळी होती. घशातल्या गाठीमुळे महिनाभर पाण्याचा थेंबही उतरला नव्हता.

मी भाकरीचा कण तिच्या जिभेवर ठेवला. तिनं डोळे मिटून खूप प्रयत्न केला. मग तो ओला कण बोटांनी काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"तेव्हा गिळता येत होतं, बाबा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.