चढावरचा आवाज

“हे पेट्रोल तुझ्या पंपावरचं नाही,” गाडी चालू करता करता मिस्त्री मेहुण्याला म्हणाला. “चाळीस किलोमीटरवरून आणलंय. भारीतलं. टाकी पार कोरडी करून भरलंय. आता चढावर ऐक, कशी लोण्यासारखी जाते ते.”

मेहुणा शेजारच्या सीटवर बसला होता. मागे मिस्त्रीची बायको, म्हणजे मेहुण्याची थोरली बहीण. साक्षीला कुणीतरी हवं म्हणून मिस्त्रीनेच तिला बसवून घेतलं होतं. ती दोघांकडेही बघत नव्हती. हे त्याला खटकलं.

महिन्याभरात तीन गाड्या परत आल्या होत्या. तिन्ही जुन्या, तिन्ही त्याच्या हाताखालून गेलेल्या, आणि तक्रार एकच: चढावर इंजिन टिकटिकतं, डब्यात खडे हलवल्यासारखं. डॉक्टरांच्या गाडीचा तर पिस्टनच जळाला. मिस्त्रीने तेव्हाच ताडलं. पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे दाब सोसायची ताकद, कमी पडला, की ठिणगीची आग पोचेपर्यंत त्याला दम निघत नाही. सिलिंडरच्या कोपऱ्यातलं पेट्रोल आपलं आपण भडकतं आणि इंजिनाला आतून हाणतं. तिन्ही गाडीवाले पेट्रोल भरायचे मेहुण्याच्याच पंपावर. त्यात मेहुण्याने नुकताच घरावर मजला चढवलेला. भेसळ केल्याशिवाय मजले चढतात होय?

टायमिंगबद्दल त्याला तीळभर शंका नव्हती. ठिणगी किती आधी पाडायची, हे बाकीचे मिस्त्री इंजिनावर खास दिवा धरून बघतात. तो कानाने लावायचा. गाडी चढावर घालायची, टिकटिक ऐकू येईपर्यंत टायमिंग पुढे सरकवत न्यायचं, ऐकू आली की केसभर मागे. तीस वर्षं हेच केलं. ही गाडीही परत आलेल्यांपैकीच, आणि आज सकाळीच त्याने ती पुन्हा जातीने लावली होती.

चढ लागला. मिस्त्रीने पाय दाबला. इंजिन घुमलं. तो कान देऊन हसला.

“बघ. चिडीचूप. आता खाली जाऊन तुझ्याकडचं भरू. वाजली, तर उद्याच तक्रार करतो. पंपाला सील लागलं तर मला बोल लावायचा नाही.”

मेहुण्याच्या कपाळाला आठी पडली. “दाजी, ही आत्ताच वाजतेय.”

“काय वाजतेय?”

“इंजिन! केवढ्याने वाजतंय. पाय काढा, फुटेल.”

मिस्त्रीने पाय काढला नाही. अंगाशी आलं की माणूस काय वाटेल ते बोलतो, त्याला वाटलं. किती सहज थाप मारतोय! त्याने आरशातून मागे बघितलं.

“अगं, तू सांग. वाजतेय का?”

“वाजतेय.”

“घेतलीस ना भावाची बाजू!”

“भावाची?” आता ती आरशात सरळ त्याच्याकडे बघत होती. “अहो, आठ महिने झाले, दाराची बेल वाजली की मीच उठते. तुमचा फोन वाजत राहतो, तो मीच आणून हातात देते. मला वाटलं, तुम्हाला कळलंय आणि बोलायचं नाहीये. म्हणून मीही बोलले नाही.”

मिस्त्रीने गाडी कडेला घेतली.

पेट्रोल हलकं असलं की हा आवाज येतो. ठिणगी फार आधी पडली तरी हाच येतो. तो आवाजाची वाट बघत टायमिंग पुढे पुढे ढकलत राहिला होता, आणि आवाज सगळ्यांना येत होता, त्याला सोडून. माणसांचं बोलणं, इंजिनाची घुमघुम त्याला कळायची; असे टोकदार आवाज तेवढे कानातून गेले होते. डॉक्टरांचा पिस्टन त्यानेच जाळला होता. त्याला लाज वाटली. लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

त्याने बॉनेट उघडलं, नट सैल केला, ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर केसभर मागे फिरवला आणि नट आवळला. गाडी वळवून खाली नेली आणि पुन्हा चढाला लावली.

“वाजली की बोट वर कर,” तो मेहुण्याला म्हणाला. “तोंडाने सांगू नकोस.”

चढ लागतो न लागतो तोच बोट वर गेलं. मिस्त्री उतरला, अजून केसभर फिरवलं. दुसऱ्यांदा बोट अर्ध्या चढावर उठलं. तिसऱ्यांदा गाडी चढ संपवून माथ्यावर पोचली, तरी मेहुण्याचा हात मांडीवरच राहिला. मिस्त्रीचं लक्ष रस्त्यापेक्षा त्या हाताकडेच जास्त होतं.

“नक्की नाही वाजली?”

“नाही, दाजी.”

मिस्त्रीने गाडी थांबवली. बराच वेळ तो मेहुण्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

“खोटं बोललास, तरी आता मला कळायचं नाही रे,” तो म्हणाला.