हरतालिकेचं पाणी

हरतालिकेच्या दुपारी नम्रताच्या हातातलं फुलांचं तबक थरथरायला लागलं, तेव्हा सासूबाईंनी, मुक्ताईंनी, ते काढून घेतलं. लग्नानंतरची पहिलीच हरतालिका, तीही निर्जळी. पोरीला भोवळ येत असेल असं वाटून त्यांनी तिला स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. बाहेरच्या खोलीत कर्वेनगरच्या त्या सोसायटीतल्या चौघीजणी वाळूच्या पिंडीभोवती आरतीसाठी खोळंबल्या होत्या.

भोवळ नव्हती. जीभ जड झाली होती, पाय लटपटत होते, आणि याचा अर्थ नम्रताला नेमका ठाऊक होता. नवऱ्याला, योगेशला, तिने लग्नाआधीच सगळं सांगितलं होतं. पण तो कंपनीच्या कामावर अमेरिकेत, आणि घरी सांगायचं धाडस दोघांनाही झालं नव्हतं. आता बोललं तर संसार जाईल, न बोललं तर जीव.

"आई, मी रोज गोळी घेते. लिथियमची. मनाच्या आजारावरची."

मग ती घाईघाईने सांगत सुटली. हे औषध म्हणजे एक क्षारच. रक्तात थोडं कमी पडलं तर उपयोग नाही, थोडं जास्त झालं तर विष. अंगात पाणी नसलं की मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात, आणि मिठासोबत यालाही बाहेर सोडत नाहीत. काल रात्रीपासून ते साठतंय.

"आयुष्यभर घ्यायची?"

"बहुतेक."

मुक्ताईंना राग आला. आपल्याला फसवलं, हे त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण सुनेच्या बोटांची थरथर थांबत नव्हती, आणि त्यांना त्याहून जास्त भीती वाटली. डॉक्टरांना फोन लाव, एवढंच म्हणून त्यांनी माठातून पेलाभर पाणी काढलं.

नम्रताने पेल्याला हात लावला नाही. बाहेर त्या चौघींतल्या मंदाकिनीबाई म्हणत होत्या, हल्लीच्या मुलींना एक दिवससुद्धा निघत नाही.

मुक्ताई पेला घेऊन दारात गेल्या. सगळ्यांसमोर उभ्या राहून त्या अर्धं पाणी प्यायल्या, चौतीस वर्षांत पहिल्यांदाच. उरलेलं अर्धं मागे वळून त्यांनी सुनेच्या हातात दिलं.

"आमच्याकडे यापुढे हरतालिकेला पाणी चालतं," त्या म्हणाल्या. "आरती तुम्ही सुरू करा. आम्हाला दवाखान्यात जायचंय."