पायाळूची पाठ

तानुअक्का पायाळू, जन्मताना पाय आधी आलेली. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की उसण जाते, म्हणून अख्खं गाव तिच्या उंबऱ्याशी पालथं पडायचं. आज ती स्वतःच धुळ्याला डॉक्टरांकडे गेली. ते म्हणाले, "मणक्यांमधल्या गाद्या वयानं झिजल्यात, आजी. पुन्हा भरत नाहीत. पट्टा बांधा, व्यायाम करा, पण अंथरूण धरू नका." पदराखाली पट्टा लपवून ती घरी पोचली, तर दारात शेजारचा प्रेमराज पालथा पडलेला. "अक्का, पाय ठेव व." तिनं चौकट धरून पाय उचलला. पोटरीपर्यंत कळ गेली, तसा तो परत जमिनीवर टेकवला. दमून तिनं पदर सारला. प्रेमराज मान वळवून पट्ट्याकडे बघत राहिला. "मंग तुनी पाठवर कोन पाय ठेवस?" "कोनीच नही," म्हणत ती त्याच्याशेजारी बसली. उठताना कोणी कोणाला हात द्यायचा, दोघांनाही कळेना.