बर्लिनमधला हापसा

"अगं बाई, हापसा!" कुंदाताई भर फुटपाथवर थांबल्या.

पुढे चाललेला कपिल थांबला नाही. त्याचे डोळे फोनवर होते, आणि फोन त्याला कुठल्याशा इमारतींमागच्या एका चौकाकडे नेत होता. त्या चौकात म्हणे बर्लिनमध्ये जन्म काढलेली माणसंसुद्धा फिरकत नाहीत. आईला दाखवायचं ते टूरवाल्यांचं बर्लिन नाही, हा त्याचा हट्ट. ब्रांडेनबुर्ग दरवाजापुढे फोटो काढायला घरून, तिकडे वाल्डॉर्फहून, एवढ्या लांब कशाला यायचं? त्यामुळे सकाळपासून कुंदाताईंनी जमिनीखालचा एक अंधारा बंकर पाहिला होता आणि कबरस्तानाच्या दारातल्या कॅफेत बसून केक खाल्ला होता. केक चांगला होता. पण समोर थडगी दिसत असताना घास काही सुखानं उतरला नाही.

हापसा मात्र बघताक्षणी आवडला. हिरवा, बिडाचा, लांब वाकड्या दांड्याचा, झाडाखाली एकटाच उभा.

"कपिल, आई थांबल्यात बघ," शमिकानं नवऱ्याला हाक मारली.

तो मागे आला. "आई, हापसा कसला? आर्ट इन्स्टॉलेशन असणार काहीतरी. बर्लिन आहे हे."

"मला सांगतोस? माझं अर्धं लहानपण हापशावर गेलंय."

"वास इस्त दास?" सहा वर्षांच्या अन्वीनं आजीची ओढणी ओढली.

हे काय आहे, असं ती विचारतेय, एवढं जर्मन कुंदाताईंना आता कळायचं. अन्वीला मराठी सगळं समजायचं, पण तोंडातून यायची ती जर्मनच. पहिल्या आठवड्यात कुंदाताई स्वयंपाकघरातून विचारायच्या, "भूक लागली का गं?" बाहेरून उत्तर यायचं, "या!" नात बोलावतेय, तेही मान देऊन, म्हणून त्या हात पुसत धावत जायच्या. अन्वी रंगवता रंगवता मान वर करून बघायची, ही कशाला आली? 'या' म्हणजे 'हो', हे शमिकानं समजावलं तेव्हा सगळे खूप हसले. कुंदाताईही हसल्या, पण मनातून खट्टू झाल्या. आता शनिवारी परतीचं विमान होतं. नातीशी दोन शब्द बोलायचे तर अजूनही मध्ये कुणीतरी लागायचं, आणि हे असंच राहणार की काय, याची त्यांना धास्ती होती.

"याला हापसा म्हणायचं," त्या अन्वीला म्हणाल्या. "हापसलं की पाणी येतं."

पर्स शमिकाकडे देऊन त्यांनी ओढणी कमरेला बांधली आणि दांडा खाली ओढला. कुईंऽऽ असा आवाज झाला, थेट गावच्या हापशासारखा. पाणी काही आलं नाही. पुन्हा ओढला. पुन्हा नुसतंच कुईं.

"बंद असेल गं," कपिल म्हणाला. "चल, चौक इथून जवळच आहे."

"लगेच येत नाही रे. आधी जरा रुसतो." एवढ्यातच त्यांना धाप लागली होती. "अन्वी, ये गं. लटक दांड्याला."

अन्वीनं आधी आईकडे पाहिलं. आईनं मान डोलावली. मग तिनं दोन्ही हातांनी दांडा धरला आणि पाय उचलले. दांडा तिच्यासकट खाली आला. कुंदाताईंनी तो वर लोटला. अन्वी खाली, कुंदाताई वर. चार-सहा वेळा असं झाल्यावर हापशाच्या पोटात गुडगुड झाली आणि भसकन पाणी आलं ते नेमकं कपिलच्या पांढऱ्या बुटांवर.

"आई!" कपिल ओरडला.

"इन्स्टॉलेशनला पाणी आलं रे," शमिका म्हणाली, आणि तिला हसू आवरेना.

तेवढ्यात समोरच्या इमारतीतून एक आजोबा झाडाला पाणी घालायची झारी घेऊन आले आणि शहाण्यासारखे मागे उभे राहिले. हापसा म्हटला की रांग आलीच. कुंदाताईंना अगदी घरच्यासारखं वाटलं. "या, भरून घ्या," त्यांनी खुशाल मराठीत सांगितलं. आजोबांनी झारी पुढे केली. अन्वी पुन्हा लटकली, आणि झारी काठोकाठ भरली.

"मामा!" अन्वी आईकडे बघून आनंदानं किंचाळली. "इश हाब गेहापस्ट!"

शमिका हसत हसत खालीच बसली. "आई, 'मी हापसलं' म्हणतेय ती. जर्मनमध्ये झालेल्या गोष्टीला असा पुढे 'गे' लावतात."

"गेहापस्ट," कुंदाताईंनी सावकाश म्हणून पाहिलं. अर्धा शब्द त्यांचा होता, अर्धा नातीचा. मध्ये कुणी नसतं तरी तो त्यांना कळला असता. त्यांचे डोळे भरून आले. ते कुणाला दिसू नयेत म्हणून त्या दम खायचं निमित्त करून पलीकडच्या बाकावर जाऊन टेकल्या.

कपिलनं बूट झटकले आणि पुन्हा फोन काढला. "चला आता. तो चौक राहिलाय अजून."

अन्वीनं दांडा सोडला नाही.

"अजून हापसायचं का गं?" कुंदाताईंनी बाकावरूनच विचारलं.

"या!"

'या' म्हणजे 'हो', हे आता कुंदाताईंना पक्कं ठाऊक होतं. तरी कुणी मानानं बोलावल्यासारख्या त्या उठल्या आणि गेल्या.