शुक्रवारचं कासव

केळीच्या पानावर कासवाचा तुकडा येऊन पडला तेव्हा अपिसालोमेने आधी त्या तुकड्याकडे पाहिलं, मग शेजारी मांडी घालून बसलेल्या फादर अलोइसिओंकडे, आणि मग चटईच्या खालच्या टोकाला बसून जेवणावरच्या माश्या वारणाऱ्या आपल्या बायकोकडे. बायको त्याच्याकडेच बघत होती.

गावचे प्रमुख रातू तेविता यांची नवी होडी सकाळी पाण्यात उतरली होती. मोठी भरती शुक्रवारची, म्हणून जेवणही शुक्रवारी. ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस चालू आहेत हे समुद्राला कोण सांगणार? कासव हे प्रमुखाच्या मानाचं जेवण. त्यातला वाटा आपल्या पानावर आला की खायचा. नाही म्हणणाऱ्याशी रातू कधी भांडत नसत. फक्त त्याचं नाव विसरत, ते कायमचं.

अपिसालोमे मोठा वाचणारा माणूस. बायबल त्याने इतकं वाचलं होतं की तो नुसता खोकला तरी हवं ते पान उघडे. दर वाचनात त्याला नवा अर्थ सापडे, आणि नव्या अर्थापायी जुनं चर्च सुटे. आधी मेथडिस्ट सुटले. मग शनिवारी उपासना करणारे सुटले. शेवटी खोबरं वाळवायच्या शेडमध्ये त्याने स्वतःचंच एक चर्च काढलं. सभासद दोन, तो आणि मेहुणा. तेही फुटलं, आणि फुटून बाहेर पडला तो अपिसालोमेच. शेड मेहुण्याकडे राहिली.

त्यानंतर तो कॅथलिक झाला. थकलो, म्हणाला. तिथे अर्थ लावायचं काम वरचे लोक करतात, आपण नुसतं ऐकायचं. बायको लोसालिनी मात्र शनिवारच्या चर्चमध्येच राहिली. तिचा शनिवार एकटीचा, त्याचा रविवार एकट्याचा, आणि म्हातारपणी दोघांनाही ते नकोसं झालं होतं. ज्या दिवशी तुम्ही स्वतःचा अर्थ न लावता एकदा तरी कुणाचं ऐकाल, त्या दिवशी मी तुमच्याबरोबर येईन, असं तिने त्याला सांगून ठेवलं होतं. ती शब्दाची पक्की आहे हे गावाला माहीत होतं, म्हणून आता निम्मी चटई जेवायची थांबली होती.

उपवासातल्या शुक्रवारी मांस चालत नाही ना, असं अपिसालोमेने हळूच विचारलं. फादर म्हणाले, मांस नाही चालत, पण पाण्यातलं ते सगळं मासा, तेव्हा कासव चालतं. अपिसालोमे म्हणाला की कासव हवेत श्वास घेतं, त्याचं रक्त लाल असतं, आणि अंडी घालायला वाळूवर येतं तेव्हा ते रडतं. रडणारा मासा त्याच्या गळाला तरी आजवर लागला नव्हता. शिवाय त्याला खवले नाहीत, आणि बायबलातल्या मोशेच्या नियमात तर स्पष्ट...

मोशेला आज आमंत्रण नाही, फादर म्हणाले. त्यांचा पहिला वाटा संपत आला होता.

"पण फादर, हे लिहिलंय कुठे?"

"मी सांगतोय ना, अपिसाकाका."

"तुम्ही सांगताय, की चर्च सांगतंय?"

"चर्च सांगतं. मी फक्त ते तुमच्या कानापर्यंत आणतो. खा आता, रातू बघतायत."

रातू खरंच बघत होते. अपिसालोमेने शनिवारवाल्यांमध्ये गेल्यापासून कासव तोंडाला लावलं नव्हतं. त्याने तुकडा उचलला, तोंडात टाकला आणि चावायला लागला. इतका वेळ चावत राहिला की तेवढ्यात नवी होडी शेजारच्या बेटाला जाऊन परत आली असती. मग त्याचा गळा हलला.

"काय आहे?" फादरनी विचारलं.

"मासा," अपिसालोमे म्हणाला.

चटईच्या टोकाकडून लोसालिनीचा आवाज आला. "मनापासून म्हणताय, सेराचे बाबा?"

"मनाला मी विचारलंच नाही."

सगळे हसले. लोसालिनी हसली नाही. तिने हातातला पंखा मांडीवर ठेवला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात फादरना विचारलं की रविवारी घंटा कधी होते, आणि नव्या बाईने कुठे बसायचं असतं. फादर म्हणाले, उन्हं चढायच्या आत या, आणि नवऱ्याशेजारी बसा. असेनाका, जी दर शनिवारी लोसालिनीच्या शेजारी बसायची, चटईचा सुटलेला धागा ओढत राहिली.

अपिसालोमेच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या क्षणात निम्म्या झाल्या. त्याने कुणी वाढायची वाट न बघता दुसरा तुकडा घेतला, तोही आवडीने खाल्ला, बोटं पानाला पुसली आणि प्रसन्नपणे फादरकडे वळला.

"मासाच आहे, फादर. वादच नाही. फक्त तुमचं कारण कच्चं आहे. पाण्यातलं ते सगळं मासा म्हणाल, तर रातूंची होडीही मासा. खरं कारण उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. तो पाचवा दिवस बघा, तिथे मी असा अर्थ लावतो..."

फादरनी हातातला तुकडा पानावर ठेवला.

लोसालिनी शेजारी झुकली.

"असेनाका," ती म्हणाली, "उद्या माझी जागा धरून ठेव."