नऊ इंची की सात इंची

घाटकोपरच्या कार-स्टिरिओच्या दुकानासमोर सम्यक गाडीत बसून नऊ इंची पडद्यावर बोट फिरवत होता, तेवढ्यात डावीकडचं दार उघडून त्याचे वडील, शिवदास, शेजारी येऊन बसले.

"पप्पा, तुम्ही?"

"चेंबूरला चाललो होतो. म्हटलं वाटेत बघून जावं."

मानखुर्दहून चेंबूरला जाताना घाटकोपर वाटेत लागत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. दहा दिवसांपूर्वी त्यानं ही गाडी घेतली होती. सेकंडहँड, पण घरातली पहिलीच. आईनं पेढे वाटले होते, बहिणीनं बोनेटला टेकून शंभर फोटो काढले होते. शिवदास एवढंच म्हणाले होते, "उभी कुठे करणार?" त्यानंतर गाडीत ते आज पहिल्यांदा बसत होते.

जुना स्टिरिओ मुका झाला होता. नवा दहा हजारांच्या आत बसवायचा, आणि फोनवरचा नकाशा, गाणी, कॉल सगळं त्याच्यावर आलं पाहिजे, एवढं मनाशी ठरवून सम्यक दुकान उघडायच्या आधीच येऊन थांबला होता. दुकानदार जयवंतनं तारा तात्पुरत्या जोडून पहिला स्टिरिओ चालू करून दिला, आणि त्या झगमगत्या पडद्यानं सम्यकला पार वेडं केलं.

"टीव्ही बघायचाय का गाडी चालवायचीय?" शिवदासनी विचारलं.

"काका, सगळे हाच नेतात," जयवंत खिडकीतून वाकून म्हणाला. "साडेसहा हजारांत एवढा मोठा पडदा कोण देतो? ऐका तर खरं."

त्यानं गाणं लावलं. दारं थरथरली, सीट थरथरली. सम्यकला वाटलं, बस्स, हाच. आत्ताच बसवून निघावं आणि थेट बहिणीच्या कॉलेजसमोरून एक चक्कर मारावी.

"गाण्याचं राहू दे," शिवदास म्हणाले. "फोन लावून बघ. आईला लाव. आणि मी इथं आहे म्हणून सांगू नकोस, उगाच चौकशा करत बसेल."

चौतीस वर्षं शिवदास टेलिफोन खात्यात होते. खांबावर चढून लोकांच्या लायनी दुरुस्त करण्यात त्यांची नोकरी सरली होती. आवाजाच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालायची घरात कुणाची छाती नव्हती. सम्यकनं आईला फोन लावला.

चंपाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आला. "सम्या, कुठंयस रे? बोगद्यात शिरलास का? काही ऐकू येईना मला."

शिवदासनी हातानंच खूण केली. बंद कर. "हा गेला," ते म्हणाले.

सम्यकचा चेहरा पडला. जयवंतनं मुकाट्यानं तो स्टिरिओ काढला आणि दुसरा जोडला. सात इंची, साधासा, खाली आवाजाची गोल कळ. नऊ हजारांचा. "दिसायला सिंपल आहे," जयवंत म्हणाला, "पण ह्याचा माइक वेगळा येतो, काका. वर, काचेपाशी बसवायचा." सम्यकनं केबल लावली तसा फोनवरचा नकाशा टपकन पडद्यावर आला. त्यानं पुन्हा आईला फोन लावला.

"आता कसा बोलतोस! शेजारी बसल्यासारखा," चंपा म्हणाली. मागे कुकरची शिट्टी झाली, तीसुद्धा स्पष्ट ऐकू आली. "बरं झालं परत फोन केलास. पप्पा चेंबूरला गेलेत तोवर सांगते. मी सांगितलं म्हणून त्यांना बोलू नको."

"आई, थांब, ते..."

"ऐकून तर घे. तोंडावर बोलत नाहीत रे ते, पण काल धोंडिरामभाऊजींचा हात धरून त्यांना खाली घेऊन गेले, गाडी दाखवायला. सगळ्या बिल्डिंगला सांगून झालंय. आणि तू वॉचमनला थँक्यू म्हणतोस ना रोज, गाडी पुसतो म्हणून? वॉचमन कुठला पुसतोय! तू उठायच्या आत हे फडकं घेऊन उतरतात. हसू नको त्यांना. चल, भात लागेल माझा."

फोन बंद झाला. जयवंत हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे फार लक्षपूर्वक बघू लागला. वडिलांकडे वळून बघावं असं सम्यकला फार वाटलं, पण त्यानं समोरच्या काचेवरची नजर हलवली नाही.

शिवदासनी घसा खाकरला.

"खरखर नाही," ते म्हणाले. "हाच बसव."

"काका, वायरलेसवाला पण आहे एक. थोडा महाग पडेल, पण..."

"नको. हाच."

नऊ इंची पडद्याची आठवणसुद्धा आता सम्यकला राहिली नव्हती. "हाच, हाच," तो म्हणाला. जयवंतनं स्टिरिओ खाचेत सरकवला, चौकट दाबून बसवली, माइकची बारीक तार काचेच्या कडेनं वर नेली. सगळं होईपर्यंत बाप-लेक जागचे हलले नाहीत. मग शिवदासनी शर्टाच्या खिशातून आपला फोन काढला.

"ह्याच्यावर दोन फोन चालतात का रे?"

"चालतात की, काका."

"मग माझा पण जोड."

जयवंतनं त्यांचा फोन जोडून दिला. पडद्यावर सम्यकच्या नावाखाली शिवदासचं नाव आलं. "गाडी चालू झाली की आधी कुणाचा फोन घेऊ दे?" जयवंतनं विचारलं. "एक पहिला ठरवायला लागतो."

"त्याचा," शिवदास म्हणाले. "मालक तो आहे गाडीचा."

आणि हे ते इतक्या मोठ्यानं म्हणाले, की शेजारच्या टायरच्या दुकानातला माणूससुद्धा वळून गाडीकडे बघायला लागला.